सगळी काडतुसं सारखी नसतात

कोल्हापुरात नेमबाजीचा विषय निघाला की गप्पा तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबतपासून कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेपर्यंत येतात. नजर, श्वास, सराव, घरच्यांनी काढलेलं कर्ज, सगळं बोलून होतं. काडतुसाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. बाजारातून आणलं, भरलं, झाडलं, असंच आपण धरून चालतो.

५० मीटर रायफलच्या स्पर्धेत .२२ चं, म्हणजे ०.२२ इंची नळीचं, छोटं काडतूस वापरतात. शिशाची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, जाडी ५.६ मिलिमीटर. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, सर्वाधिक १०.९. गोळी मध्यापासून जेमतेम ०.८ मिलिमीटर सरकली की एक दशांश गुण जातो. पॅरिसला २०२४ मध्ये कुसाळेने ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं, ते असे दशांश जोडत जोडत.

आता थोडं गणित. स्पर्धेची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते आणि ५० मीटर गाठायला तिला जवळपास ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला साडेबारा सेंटिमीटर खाली ओढतं. याचा त्रास नाही, दुर्बीण नसली तरी मागची साईट तेवढी वर चढवून ठेवता येते. पण पुढची गोळी सेकंदाला १० मीटरने हळू निघाली तर? ती सात-आठ मिलिमीटर आणखी खाली लागेल. हात हलला नाही, श्वास चुकला नाही, तरी १०.९ चा नेम थेट दहाच्या काठावर. म्हणून नेमबाजाला वेगवान काडतूस नको असतं, दर वेळी तोच वेग देणारं हवं असतं. उलट, स्पर्धेच्या गोळ्या मुद्दाम ध्वनीच्या वेगाखालीच ठेवतात, कारण जास्त वेगाने निघालेली गोळी हवेत मंदावत ध्वनीचा वेग ओलांडून खाली येते तेव्हा तिच्याभोवतीचा दाब विस्कटतो आणि ती डगमगते.

तोच वेग मिळवणं इतकं अवघड का? बंदुकीच्या दारूचा स्वभाव तसा आहे. धूररहित दारू नायट्रोसेल्युलोजची असते, आणि दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते. अधिक वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. सुरुवातीचा किंचित फरक असा स्वतःच स्वतःला फुगवत नेतो. दारूचं वजन, पितळी केसच्या (दारू भरून वर गोळी बसवतात त्या नळकांड्याच्या) आतली जागा, गोळी केसमध्ये किती घट्ट आणि किती खोल बसली आहे, पेटवणाऱ्या मिश्रणाचं प्रमाण, हवेतली उष्णता, सगळ्यांचा हात त्यात लागतो.

मोठ्या रायफलींच्या बाबतीत यावर अमेरिका-युरोपातल्या शौकिनांनी एक मार्ग काढला आहे: काडतूस घरीच भरायचं. त्या काडतुसाची पेटवणारी टोपी केसच्या तळाशी मधोमध, वेगळी बसवलेली असते. झाडल्यावर ती काढून नवी घालता येते, पितळी केस पुन्हा वापरता येते, दारू नाजूक काट्यावर तोलता येते. शिकारी हे प्रामुख्याने खर्चासाठी आणि आपल्या रायफलला साजेशा गोळीसाठी करतात. लांब पल्ल्याचे नेमबाज सारखेपणासाठी. आपल्याकडे शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, आणि शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर संपलीच. ज्या दाजीपूरच्या रानात कोल्हापूरच्या महाराजांची शिकार चाले, तिथे आज गवे निवांत चरतात. चांगलंच झालं.

.२२ ला तर घरी भरण्याची सोयच नाही. यात पेटवणारं मिश्रण केसच्या काठात, वळलेल्या कडेच्या आत भरलेलं असतं. घोड्याचा मार बसला की ती कड चेपते आणि केस कायमची निकामी होते. जगज्जेता असो की नवशिका, दोघांनाही कारखान्याने भरलेलंच घ्यावं लागतं. मग हातात उरतं ते निवडणं.

एकाच गुऱ्हाळात, एकाच गुळव्याच्या हातचा गूळही आदणागणिक थोडा वेगळा उतरतो. काडतुसांचं तसंच. म्हणून खोक्यावर लॉटचा, म्हणजे एकत्र बनलेल्या खेपेचा, क्रमांक छापलेला असतो आणि चांगले नेमबाज नुसत्या ब्रँडवर जात नाहीत. बर्मिंगहॅमजवळची एली, जर्मनीत चाचणी केंद्र असलेली लापुआ अशा कंपन्या ही सोय देतात: रायफल घट्ट शिकंज्यात बसवायची, म्हणजे माणसाचा हात बाजूला झाला, आणि एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडून छिद्रांचा पुंजका किती लहान पडतो ते बघायचं.

गंमत अशी की एकीला मानवलेला लॉट दुसरीला मानवेलच असं नाही, रायफली एकाच मॉडेलच्या असल्या तरी. झाडताना नळी थरथरते. तिचं तोंड वर जात असताना गोळी बाहेर पडली, तर हळू गोळी जरा उशिरा, म्हणजे जरा वरच्या कोनातून निघते आणि तिची घसरण थोडी भरून निघते. ही भरपाई त्या नळीची लांबी, वजन आणि त्या लॉटचा वेग यांच्या मेळावर ठरते. कागदावर ती आधी मांडता येत नाही, झाडूनच बघावी लागते. मेळ जमलेला लॉट सापडला की नेमबाज परवडेल तेवढा साठा एकदम घेतात. स्पर्धेसाठी तो राखून ठेवतात, सरावाला स्वस्तातलं वापरतात, आणि साठा संपत आला की पुन्हा शिकंजा, पुन्हा नवे लॉट.