एनिमी ऑफ द स्टेट (१९९८ चा चित्रपट)

एनिमी ऑफ द स्टेट हा २० नोव्हेंबर १९९८ ला अमेरिकेत रिलीज झालेला हॉलिवूडचा ॲक्शन थ्रिलर. डायरेक्टर टोनी स्कॉट, प्रोड्युसर जेरी ब्रुकहायमर, लेखक डेव्हिड मार्कोनी, आणि मेन रोलमध्ये विल स्मिथ, जीन हॅकमन, जॉन व्हॉइट. नावातलं स्टेट म्हणजे महाराष्ट्र-गुजरात टाइप राज्य नव्हे, तर सरकार, शासनयंत्रणा. म्हणजे सरकारचा दुश्मन. आणि ज्याला हे लेबल चिकटतं त्या बिचाऱ्याने सरकारचं काही म्हणजे काही वाकडं केलेलं नसतं, तो नाताळच्या तोंडावर बायकोसाठी गिफ्ट घ्यायला दुकानात शिरलेला असतो एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

साधारण ९ कोटी डॉलर खर्चून काढलेल्या या पिक्चरने जगभरात २५ कोटींच्या आसपास गल्ला जमवला. लांबी १३२ मिनिटं. पळापळ, गाड्यांची ठोकाठोक, हेलिकॉप्टर, हे सगळं ब्रुकहायमरच्या कुठल्याही पिक्चरमध्ये असतं तसं इथेही आहे, त्यावर फार बोलण्यात अर्थ नाही. पण सरकारी पाळत हा विषय, अमेरिकन सरकारची पाळत उघडी पाडणाऱ्या स्नोडेनच्या १५ वर्षं आधी, इतक्या मोठ्या पब्लिकपर्यंत नेणारा पिक्चर म्हणून याची आठवण अजून काढली जाते, आणि त्यातल्या एका खोट्या यंत्राचं पुढे जे झालं ती तर वेगळीच स्टोरी आहे, ती खाली येईलच.

गोष्ट

फिल हॅमर्सली नावाचा एक काँग्रेसमन, म्हणजे अमेरिकन खासदार असतो (काम जेसन रोबार्ड्सचं, पण टायटल्समध्ये त्याचं नावच नाही). संसदेत एक बिल येऊ घातलंय, ते पास झालं की फोन, कॉम्प्युटर, सॅटेलाइट सगळीकडून लोकांवर नजर ठेवायला एजन्सींना मोकळं रान मिळणार, आणि हा त्याला आडवा येतोय. एनएसए म्हणजे नॅशनल सिक्युरिटी एजन्सी, तिथला बडा अधिकारी थॉमस रेनॉल्ड्स (व्हॉइट) त्याला तळ्याकाठी गाठतो, मतासाठी गळ घालतो, आणि तो बधत नाही म्हटल्यावर तिथल्या तिथे त्याचा काटा काढून हार्ट अटॅक आल्याचा देखावा करतो, गाडी सोडून देतो तळ्यात. पण समोरच एका पक्षी-अभ्यासकाने हंसांच्या स्थलांतराचं शूटिंग करायला कॅमेरा लावून ठेवलेला असतो. माणूस जवळ नाही, कॅमेरा एकटाच चालू. त्यात सगळं येतं.

तो अभ्यासक डॅनियल झॅविट्झ (जेसन ली) घरी ते बघतो, हादरतो, व्हिडिओ एका छोट्या डिस्कवर घेतो आणि ती डिस्क हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये लपवतो. दारात रेनॉल्ड्सची माणसं आलेली असतातच. गच्च्यांवरून, गल्ल्यांमधून पळत तो बायकांच्या आतल्या कपड्यांच्या एका दुकानात घुसतो, तिथे त्याला कॉलेजच्या ओळखीचा वकील रॉबर्ट क्लेटन डीन (विल स्मिथ) भेटतो, आणि त्याला काही न सांगता तो गेम त्याच्या खरेदीच्या पिशवीत सरकवतो. पुढे काही मिनिटांत झॅविट्झ सायकलवरून पळताना फायर ब्रिगेडच्या गाडीखाली येतो. डीन घरी जातो. त्याला पत्ताच नाही की पिशवीत काय आहे, आणि तो गेम तर त्याचा पोरगा नाताळचं गिफ्ट समजून परस्पर लंपास करतो!

इथून पुढचा भाग मला पिक्चरमधला सगळ्यात चांगला वाटतो, आणि त्यात गोळीबार नाहीये. रेनॉल्ड्सच्या हाताखालची पोरं डीनच्या घरात घुसून बूट, घड्याळ, पेन, फोन जे सापडेल त्यात बग, म्हणजे चोरून ऐकणारी आणि माग काढणारी बारकी यंत्रं बसवतात. मग हळूहळू त्याच्या भोवतीची एकेक गोष्ट काढून घेतात. पेपरात त्याच्याविरुद्ध बातम्या पेरल्या जातात, फर्ममधून नोकरी जाते, कार्डं चालेनाशी होतात, जुन्या मैत्रिणीशी अजून भेटीगाठी चालू आहेत हे बायकोला कळेल अशी व्यवस्था होते आणि ती घराबाहेर काढते. शेवटी ती मैत्रीण, रेचल बँक्स (लिसा बोने), मारली जाते आणि पुरावे असे मांडलेले असतात की बोट याच्याकडेच जावं. कोर्ट नाही, आरोपपत्र नाही, आणि माणूस उठला आयुष्यातून. आपल्याकडे चारचौघांत नाव खराब करणं म्हणतात ना, तेच, फक्त कॉम्प्युटरने. सुरुवातीला डीनची बायको कार्ला (रेजिना किंग) टीव्हीवर त्या बिलाची बातमी बघून तावातावाने बोलत असते आणि हा तिची मस्करी करत असतो, तो सीन नंतर आठवला की चावतो.

शेवट सांगतोय, ज्यांना बघायचाय त्यांनी हा पॅरा सोडा. डीनने आधी एका केसमध्ये पिंटेरो नावाच्या माफिया बॉसची (टॉम साइझमोर) एक टेप मिळवलेली असते. मूळ डिस्क तोवर नष्ट झालेली, रेनॉल्ड्स बंदूक रोखून टेप मागतोय, तर डीन त्याला सरळ पिंटेरोच्या हॉटेलात नेतो. रेनॉल्ड्स म्हणतो टेप दे, पिंटेरोला वाटतं माझीच टेप मागतोय. दोघेही आपापल्या जागी बरोबर, टेपा मात्र दोन. एकमेकांवर बंदुका निघतात आणि मामला तिथेच आटपतो. लोकांची सगळी माहिती खिशात घेऊन फिरणारा माणूस एका शब्दाचा अर्थ न कळल्यामुळे मरतो, लेखकाला यासाठी फुल मार्क.

ब्रिल आणि त्याची बरणी

हॅकमनचं पात्र म्हणजे एडवर्ड लाइल, टोपणनाव ब्रिल, अडकलेल्या डीनला मदत करतो तो हाच. पूर्वी एनएसएसाठी काम करायचा, इराणमधल्या क्रांतीच्या वेळी तिकडेच होता, त्यात त्याचा पार्टनर गेला, आणि रेचल ही त्या पार्टनरचीच मुलगी. आता ब्रिल रोख पैसे घेऊन दुसऱ्यांची माहिती काढून देतो आणि स्वतःची कुणालाही देत नाही.

त्याचा अड्डा एका जुन्या गोदामात आहे, आणि गोदामाच्या आत तांब्याच्या जाळीचा पिंजरा आहे, त्याला तो जार म्हणजे बरणी म्हणतो. हे मात्र शंभर टक्के खरं सायन्स. मायकेल फॅरेडेने १८३६ मध्ये दाखवलेली गोष्ट आहे ही, धातूने चारी बाजूंनी बंद केलेल्या जागेत बाहेरचं विद्युतक्षेत्र पोचत नाही. जाळीची भोकं रेडिओ लहरींच्या लांबीपेक्षा बरीच लहान असली की जाळीनेही काम भागतं. लिफ्टचं दार लागलं की मोबाइलची रेंज जाते ती बऱ्याच अंशी याच कारणाने. मायक्रोवेव्हच्या काचेत जी बारीक भोकांची जाळी दिसते तीही तेच काम करते, फक्त उलट दिशेने, आतलं आत ठेवायचं.

हॅकमनला हा रोल देण्यात एक खोच होती. १९७४ च्या फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या द कॉन्व्हर्सेशन या पिक्चरमध्ये त्याने हॅरी कॉल नावाच्या चोरून बोलणी टिपणाऱ्या माणसाचं काम केलं होतं, एकलकोंडा, संशयी, आपल्याच कामाने पोखरलेला. इथे एनएसएच्या स्क्रीनवर ब्रिलची जुनी फाइल उघडते तेव्हा जो तरुणपणीचा फोटो येतो तो त्याच पिक्चरमधला आहे. चौकात चालता चालता बोलणाऱ्या दोघांचं बोलणं लांबून पकडायचा सीनही तिकडची आठवण करून देतो. दोन्ही पिक्चर लागोपाठ बघितले तर हॅरी कॉलच २४ वर्षांनी म्हातारा होऊन भेटतोय असं वाटतं, अर्थात ऑफिशियली तसं काही नाही.

यातलं खरं किती

सगळ्यात मोठी थाप सॅटेलाइटची. पिक्चरमध्ये आकाशातून डीनच्या मागे लाइव्ह व्हिडिओ सलग पळत राहतो. प्रत्यक्षात बारीकसारीक टिपणारे हेर उपग्रह काहीशे किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात, एका शहरावर त्यांची नजर काही मिनिटंच राहते आणि मग ते गेले पुढे. एकाच जागेवर टिकून राहणारा उपग्रह हवा असेल तर तो जवळपास ३६ हजार किलोमीटरवर न्यावा लागतो, तिथून माणूस दिसणं बाजूलाच राहिलं. दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्र कॉम्प्युटरवर गर्रकन फिरवून पिशवीची पलीकडची बाजू बघायचा सीनही फेमस आहे. कॅमेऱ्याला जे दिसलंच नाही ते कॉम्प्युटर आणणार कुठून? पण पिक्चरला न्याय द्यायचा तर तिथे बसलेलं पात्रच कबूल करतं की हा मशीनचा अंदाज आहे.

एनएसए ही संस्था खरी आहे, १९५२ ची, मुख्यालय मेरीलँडमधलं फोर्ट मीड. काम म्हणजे परदेशी संदेश पकडणं आणि सांकेतिक भाषा फोडणं. छपरांवरून पळणारे बंदूकधारी पाळायचं तिचं काम नव्हे, ती सोय स्क्रिप्टची. बरीच वर्षं ही संस्था आहे हेच सरकार मोकळेपणाने बोलत नसे, त्यामुळे तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नो सच एजन्सी, म्हणजे अशी कुठली एजन्सीच नाही, असा जोक चालायचा. मार्च १९९९ मध्ये, म्हणजे पिक्चर आल्यावर चार महिन्यांनी, मायकेल हेडन प्रमुख झाले आणि त्यांनी पत्रकारांना थोडं आत घ्यायला सुरुवात केली, कारण लोकांनी आमच्याबद्दलचं मत विल स्मिथच्या पिक्चरवरून बनवणं आम्हाला परवडणार नाही, अशा अर्थाचं ते स्वतःच बोलले होते.

बिलाचं म्हणाल तर ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेत पाळतीचे सरकारी अधिकार वाढवणारा पेट्रियट ॲक्ट आला, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर दीड महिन्यात. आणि जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या कागदांतून कळलं की कोट्यवधी अमेरिकन लोकांच्या कॉलची नोंद, कोणी कोणाला कधी किती वेळ फोन केला ती, एनएसएकडे घाऊक जमा होत होती. इथे पिक्चर चुकला असं मला वाटतं. त्यात एका माणसामागे सगळी यंत्रणा धावते. खऱ्या आयुष्यात कुणी कुणाच्या मागे धावलंच नाही, सगळ्यांचं सगळं आपोआप गोळा होत राहिलं आणि कुणाला बूटसुद्धा तपासावासा वाटला नाही.

बाल्टिमोरचं विमान

ही ती वर म्हटलेली स्टोरी. आर्थर हॉलंड मिशेल यांनी २०१९ च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय की कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर या सरकारी लॅबमधल्या एका संशोधकाने हा पिक्चर बघितला आणि त्याला वाटलं, असा कॅमेरा खरंच करता आला तर? उपग्रहातून जमणार नव्हतं, पण विमान शहरावर घिरट्या घालत राहू शकतं की. बरेच कॅमेरे एकत्र जोडून एकाच वेळी अख्खं शहर टिपायचं, आणि स्फोट झाला की फिल्म उलटी फिरवून बॉम्ब ठेवणारा कुठून आला ते बघायचं. अशी यंत्रं आधी इराकमध्ये गेली, मग अफगाणिस्तानात ड्रोनखाली बसवली, तिथल्या यंत्राचं नाव गॉर्गन स्टेअर.

मग तेच तंत्र घरी आलं. ऑगस्ट २०१६ मध्ये बातमी फुटली की त्या वर्षी मेरीलँडमधल्या बाल्टिमोर शहरावर एका खासगी कंपनीचं छोटं सेसना विमान पोलिसांसाठी तासन्‌तास फिरतंय, पैसे खासगी देणगीतून, आणि नगरवासीयांना याची गंधवार्ता नाही. बाल्टिमोर म्हणजे तेच शहर जिथे या पिक्चरचं बरंचसं शूटिंग झालं होतं! ओरड झाल्यावर थांबलं, मग २०२० मध्ये सहा महिन्यांसाठी, या वेळी जाहीर करून, परत उडालं. चित्रात माणूस ओळखू येत नाही, तो फक्त एक ठिपका दिसतो असं कंपनीचं म्हणणं होतं. पण ठिपका रात्री ज्या घरात जातो आणि सकाळी ज्या घरातून निघतो त्यावरून तो कोण ते काढता येतं, असं विरोधात गेलेल्या लोकांचं म्हणणं. जून २०२१ मध्ये फेडरल अपील कोर्टाने त्यांची बाजू मानली, वॉरंटशिवाय अशी नोंद वापरणं घटनेच्या चौथ्या दुरुस्तीत (विनाकारण झडतीपासून लोकांना संरक्षण देणारी) बसत नाही म्हणून. विमान तोवर उतरलेलंच होतं, फेब्रुवारीतच शहराने करार गुंडाळला होता.