कालवभित्ती

कालवभित्ती : भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कालवांचे शिंपले एकमेकांवर चिकटून तयार झालेला टणक, खडबडीत उंचवटा. लाटांचा जोर मोडून किनाऱ्याची धूप कमी करण्यासाठी काही देशांत तो मुद्दाम वाढवतात. कालवाचा डिंभ (अंड्यातून निघालेली तरंगती पिल्लावस्था) साधारणतः दोन ते तीन आठवडे पाण्यात तरंगतो, मग डाव्या, खोलगट शिंपल्याने टणक जागी कायमचा चिकटतो. जुने शिंपले त्याला विशेष मानवतात. कोकणात खडपावर कालवं फोडताना मोठ्या कालवाच्या पाठीवर नखाएवढी पिल्ले दिसतात, ती याच क्रियेतली.

भित्ती वाढवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जातींच्या नावांबाबत एकमत नाही. मूळ जपानकडील कालवाचे वर्णन स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ तूनबेरी यांनी १७९३ मध्ये केले. पुढे ते दीर्घकाळ क्रॅसोस्ट्रिया गिगास म्हणून ओळखले गेले. जनुकीय पुराव्यावरून २०१७ मध्ये हिंद-प्रशांत प्रदेशातील खोलगट कालवांसाठी मॅगालाना ही वेगळी प्रजाती (जवळच्या जातींचा गट) सुचवली गेली. जीवजातींच्या काही सूचींनी ती स्वीकारली. कालवांवर काम करणाऱ्या अनेक संशोधकांनी मात्र पुरावा अपुरा मानून जुनेच नाव चालू ठेवले. मत्स्यव्यवसायाच्या साहित्यात रुळलेले जुने नाव येथे अधिक सोयीचे वाटते. पुढे दिलेल्या बांगलादेशातील प्रयोगातील कालवाची जात, सॅकोस्ट्रिया कुकुलाटा, या वादाबाहेर आहे.

नेदरलँड्समध्ये ऑस्टरस्केल्डे खाडीच्या मुखाशी १९८६ मध्ये वादळलाटरोधक बांध पुरा झाला. त्याने भरतीचा प्रवाह मंदावला, खोल झालेल्या प्रवाहमार्गांकडे वाळू ओढली जाऊ लागली आणि उथळ पुळणी झिजू लागल्या. डच अभियंते याला ‘वाळूची भूक’ म्हणतात. पुळणींच्या कडेला मृत शिंपल्यांनी भरलेले तारेचे पिंजरे ठेवून त्यांवर कालवे रुजवण्यात आली. ही कालवे परदेशी, वर सांगितलेल्या जपानकडील जातीची, १९६४ च्या सुमारास आणलेली. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात स्थानिक चपटी कालवे मोठ्या प्रमाणावर मेली होती.

बांगलादेशात कुतुबदिया बेटाजवळ सिमेंटच्या कड्यांवर भित्ती वाढवून पाहिल्या. पाण्याची पातळी अर्ध्या मीटरहून कमी असताना भित्तीने लाटा पूर्ण अडवल्या. पातळी एक मीटरपर्यंत असताना लाटांचा जोर कमी झाला. भित्तीमागे सुमारे २९ सेंमी. गाळ साचला आणि खारे गवत समुद्राकडे सरकले. मात्र कालवांना रोज बराच वेळ पाण्याखाली राहावे लागत असल्याने भित्ती एका मर्यादेपलीकडे उंच होत नाही. चक्रीवादळात पाणी चढले की लाटा तिच्यावरून जातात. म्हणून अशा भित्तींबाबत केला जाणारा ‘वादळापासून संरक्षण’ हा दावा अतिरंजित मानावा. चिखलट पुळणींची रोजची झीज रोखणे हेच तिचे खरे क्षेत्र.

महाराष्ट्रात धूपप्रतिबंधक बंधारे मुख्यतः दगडांचे व टेट्रापॉडचे (चार पायांच्या काँक्रीट ठोकळ्यांचे) असतात.