प्रश्नकर्त्याची जागा

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात आला. त्यावर सर्वांत आधी छापली गेली ती तत्त्वज्ञानाची प्रमेये. विद्यार्थ्याने ती जाहीर सभेत मांडायची, समोरच्यांनी आक्षेप घ्यायचे आणि त्याने उत्तरे द्यायची, त्यासाठीचे ते कागद होते. त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. तरी गोव्यातल्या विचारसंवादाची पार्श्वभूमी सांगायची तर तिथूनच सुरुवात करायला हवी. प्रश्न विचारणाऱ्याला सभेत किती मोकळीक आहे, हा मुद्दा या साऱ्या इतिहासात पुन्हा पुन्हा वर येतो.

सात वर्षांनी, १५६३ मध्ये, गोव्यातच गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला गेला. पणजीची नगरपालिकेची बाग आज त्याच्या नावाने ओळखली जाते. हा ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत संभाषणाच्या रूपात आहे. रुआनो नावाचे कल्पित पात्र युरोपातून नुकते आलेले आहे आणि गॅलेन, डायोस्कोरिडीस या प्राचीन ग्रीक वैद्यांची वचने पुढे करत राहते. ओर्ता त्याला सांगतो की या नावांचा धाक मला घालू नकोस, मला जे ठाऊक आहे आणि जे खरे आहे तेवढेच मी सांगणार. पटकीवरची चर्चा तर मुळातून वाचावी अशी आहे. इथले लोक या रोगाला काय म्हणतात हे तो नोंदवतो, आणि तो शब्द म्हणजे आपला ‘मोडशी’. पोर्तुगिजांनी त्याचा अपभ्रंश कसा केला, तेही तो सांगतो. मलुपा नावाचा स्थानिक वैद्यही या संभाषणांत येऊन जातो. पुस्तकी प्रमाण आणि डोळ्यांनी पाहिलेले यांत कशावर विश्वास ठेवायचा, हा ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञान खरे कशाने ठरते या विचाराचा, मूळ प्रश्न ओर्ताने हिंग, हळद आणि रोग्यांच्या खाटा यांच्यामध्ये आणून ठेवला.

ओर्ता १५६८ मध्ये वारला. तो ज्यू वंशाचा होता. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेल्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५६९ मध्ये त्याच्या बहिणीला जाळले आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून त्याही जाळल्या. ज्या शहरात प्रमेये मांडून वाद घालायला शिकवत होते, त्याच शहरात हे घडले. प्रमेयांची सभा कोणते आक्षेप ऐकून घेईल, याची हद्द अशी आधीच आखलेली होती.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण, बायबलची कथा सांगणारे ओवीबद्ध मराठी काव्य, १६१६ मध्ये गोव्यातल्या सासष्टीत, रायतूरला छापले गेले. त्यातही गावातले लोक विचारतात आणि पाद्री गुरू उत्तर देतात. मराठी ओवीवरची त्यांची हुकमत पाहून आजही मान लवते. पण इथला प्रश्नकर्ता शंका विचारतो आणि समाधान पावतो, उलट प्रश्न करून अडवत नाही. रुआनो निदान अडवतो तरी.

आपल्या परंपरेत या फरकासाठी नेमके शब्द आहेत. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले : सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खोडण्यासाठी ती वितंडा. हरणे कशाला म्हणायचे, याची बावीस निग्रहस्थानेही त्यांनी ठरवून दिली. पाली परंपरेतल्या मिलिंद राजाच्या संवादात तर नागसेन हा भिक्खू आधी अटच घालतो. पंडित बोलतात तसे बोलणार असशील तर बसू, राजे बोलतात तसे असेल तर नको, कारण राजाला विरोध केला की शिक्षा होते. याच पाली वाङ्मयाच्या ओढीने सांकवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये घर सोडून पुणे, काशी, नेपाळ करत सिंहलद्वीपाला, म्हणजे श्रीलंकेला, पोहोचले. तिथे ते १९०२ मध्ये श्रामणेर, म्हणजे बौद्ध संघातले नवदीक्षित, झाले.

पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दशकांत जाहीर सभेलाही परवानगी लागे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी ती बंदी मोडली. मुक्तीनंतर व्याख्यानांवरचा तो दाब गेला. २००८ पासून, धर्मानंदांचे पुत्र, गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, पणजीच्या कला अकादमीत त्यांच्या नावाचा विचारमहोत्सव सुरू झाला. समकालीन विचारवंत समोरासमोर ऐकायला मिळू लागले, ही मोठी गोष्ट आहे. तरीही व्याख्यानाच्या साच्यात प्रश्नकर्ता शेवटच्या पंधरा मिनिटांत उरतो, आणि त्यातली दहा मिनिटे लोकांच्या छोट्या भाषणांत जातात.

दुसरा साचा १९७८ मध्ये बीबीसीवर ब्रायन मॅगी यांनी वापरला. त्यांनी त्या वेळच्या तत्त्ववेत्त्यांशी पंधरा संभाषणे केली. विचारणाऱ्याला विषय स्वतः कळत होता, हे त्यांच्या यशाचे कारण. अवघड वाक्य आले की ते सोप्या शब्दांत परत मांडायचे आणि ‘बरोबर समजलो का?’ असे विचारायचे.

आपल्याला जवळचा आणि अधिक धाडसी प्रयोग १९८३ मध्ये पुण्यात झाला. तत्त्वज्ञ दयाकृष्ण, मे. पुं. रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलची ‘विधाना’ची (प्रपोझिशन : वाक्यातून सांगितला जाणारा, खरा किंवा खोटा ठरणारा आशय) कल्पना संस्कृतात नेऊन पारंपरिक पंडितांसमोर ठेवली आणि पंडितांनी संस्कृतातच तिची तपासणी केली. ज्ञानाहून आणि शब्दांहून वेगळी ‘विधान’ नावाची वस्तू मानायची गरज आहे का, असा प्रश्न त्यातून पुढे येतो. पंडितांना इथे माहितीचा स्रोत म्हणून बोलावले नव्हते. ते प्रतिपक्ष होते.

गोव्यात मराठीतून असा संवाद करायचा तर तयारीही तशीच लागते. दीड तासाला एकच प्रश्न पुरतो. तीन घेतले की तिन्हींची फक्त प्रस्तावना होते. पाहुण्याचे एक-दोन पानी टिपण आठवडाभर आधी वाचकांच्या हाती द्यावे. पहिली दहा मिनिटे विचारणाऱ्याने पाहुण्याचा पूर्वपक्ष, म्हणजे त्याची बाजू, मांडावा, तोही पाहुण्याला मान्य होईल असा. इथे चूक झाली तर उरलेला वेळ ‘मी तसे म्हटलेच नाही’ यात जातो. श्रोत्यांचे प्रश्न शेवटी न ठेवता मध्येच, तिसाव्या मिनिटाला घ्यावेत आणि चिठ्ठीवर एका वाक्यात लिहून मागवावेत.

सगळ्यात जास्त घोटाळा शब्दांत होतो. ‘कॉन्शसनेस’ला कोणी चैतन्य म्हणतो, कोणी जाणीव, कोणी शुद्धी. चैतन्य म्हटले की श्रोता वेदान्तात पोहोचतो, शुद्धी म्हटले की इस्पितळात, आणि पाहुणा मात्र मेंदूविषयी बोलत असतो. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश १९७४ पासून उपलब्ध आहे. आदल्या दिवशी तो उघडून पाच-सहा संज्ञा ठरवाव्यात, फळ्यावर लिहाव्यात आणि संभाषणभर त्या बदलू नयेत.