फिल्टर कचरा पकडतो, स्किमर कचरा काढतो

"माझ्याकडे उत्तम कॅनिस्टर फिल्टर आहे, मग स्किमर कशाला हवा?" किंवा याच्या उलट, "स्किमर घेतलाय, आता फिल्टर नको ना?" पहिल्या रीफ टाकीची, म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळ (कोरल) आणि मासे ठेवायच्या टाकीची, तयारी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडून यातला एक प्रश्न येतोच. कॅनिस्टर म्हणजे पाणी गाळणारा बंद डब्यासारखा फिल्टर; स्किमर म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून कचरा बाहेर काढणारं यंत्र. दोन्हींच्या मुळाशी गैरसमज एकच. दोन्ही यंत्रं पाणी स्वच्छ करतात, तेव्हा त्यांचं काम एकच असणार. एक साधं मॉडेल, दुसरं भारी. विक्रेते दोन्ही वस्तू 'फिल्ट्रेशन' या एकाच मथळ्याखाली मांडतात, त्यामुळे घोळ आणखी घट्ट होतो. मला याचा मनापासून वैताग आहे, कारण या एका गोंधळापायी लोक चुकीच्या वस्तूवर पैसे घालवतात आणि सहा महिन्यांनी, शेवाळाने भरलेली टाकी बघून, छंदच सोडून देतात.

फिल्टर कसा चालतो हे गोड्या पाण्याची टाकी सांभाळणाऱ्याला सांगायला नको. स्पंजात कण अडकतात, मीडियावर (फिल्टरमध्ये भरलेल्या सामानावर) जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. आठवड्याला थोडं पाणी बदललं की नायट्रेट खाली येतं, उरलेलं झाडं पितात. हे गणित गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं बिनचूक चालतं. नेमकी तीच सवय खाऱ्या पाण्यात आडवी येते.

आता माशांना टाकलेल्या खाद्याच्या एका दाण्याचं काय होतं ते बघू. मासा दाणा खातो, थोडा भाग विष्ठेतून बाहेर येतो, थोडा कल्ल्यांवाटे थेट अमोनिया म्हणून. न खाल्लेला चुरा वाहत वाहत फिल्टरच्या स्पंजात जातो आणि तिथे अडकतो. पाणी नितळ दिसतं. आपल्याला वाटतं, घाण गेली. पण ती गेली कुठे? टाकीतलं सगळं पाणी तासातून कित्येकदा त्याच स्पंजातून फिरतंय. तिथे अडकलेला चुरा कुजतो, त्यातलं प्रथिन तुटून अमोनिया होतं, शेवटी नायट्रेट. सोबत फॉस्फेटही सुटतं. हे सगळं विरघळून पुन्हा टाकीत येतं. फिल्टरने कचऱ्याचं रूप बदललं आणि त्याची जागाही बदलली. कचरा मात्र अजून त्याच पाण्यात आहे. केर झाडून कोपऱ्यात लोटायचा आणि घर झाडलं म्हणायचं, तसा हा प्रकार.

स्किमरची वाट वेगळी आहे. खाद्यातून, विष्ठेतून, कोरलच्या चिकट स्रावातून जे सेंद्रिय पदार्थ पाण्यात उतरतात, त्यातल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढ घेणारं असतं आणि दुसरं पाण्याला टाळणारं. असा रेणू हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथे जाऊन बसतो, एक टोक पाण्यात आणि एक हवेत. स्किमर एवढंच करतो की ही भेटीची जागा अफाट वाढवतो. पंपाच्या दातेरी चक्रातून हवा बारीक होऊन जाते, मिलिमीटरभरही नसलेले असंख्य बुडबुडे उभ्या नळकांड्यात घुसळत राहतात, त्यांच्या पृष्ठभागावर हे रेणू चिकटतात, फेस गळ्यातून वर चढतो आणि कपात पडतो. वादळी दिवसांत किनाऱ्यावर जो पिवळट फेस साचतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. कपात पडलेला तपकिरी, उग्र वासाचा द्रव टाकीच्या पाण्यापासून तुटला. तो कुजला तरी कपात कुजेल. तुम्ही उचलून ओतून दिला की त्याचा आणि टाकीचा संबंध संपला.

म्हणजे खरा फरक काळाचा आहे. स्किमर कचऱ्याला नायट्रेट होण्याआधी गाठतो. फिल्टर तो नायट्रेट होईपर्यंत सांभाळून ठेवतो. हे एकदा नीट बसलं की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात. उदाहरणार्थ, फिल्टर फ्लॉस, म्हणजे तो पांढरा कापसासारखा थर, दर दोन-तीन दिवसांनी फेकून नवा लावला, तर तोही कचरा टाकीबाहेर नेतो, कारण कुजायच्या आत तो निघून जातो. तोच फ्लॉस महिनाभर ठेवला तर नायट्रेटची पेरणी होते. सम्पमधल्या (मुख्य टाकीला जोडलेल्या, यंत्रं ठेवायच्या वेगळ्या टाकीतल्या) फिल्टर सॉकचंही, म्हणजे कण अडवणाऱ्या कापडी पिशवीचंही, तसंच. वस्तू तीच, पण काढायची वेळ चुकली की काम उलटं होतं. कॅनिस्टर रीफ टाकीत बदनाम झाला तो याच कारणाने: तो बंद डबा असतो, उघडायला त्रासाचा असतो, म्हणून लोक दोन-तीन महिने उघडत नाहीत.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो, कारण ती उलटी सांगितली जाते. 'सिरॅमिक रिंग आणि बायोबॉल (जिवाणू वाढावेत म्हणून फिल्टरमध्ये भरायचा मीडिया) नायट्रेट तयार करतात' हे वाक्य अर्धवट आहे. जिवाणूंना जेवढा अमोनिया मिळतो तेवढ्याचंच नायट्रेट होतं. रिंग दुप्पट केल्या म्हणून नायट्रेट दुप्पट होत नाही. दोष रिंगांच्या फटीत साठलेल्या गाळाचा आहे. रिंग फेकून देऊन गाळ तसाच ठेवला तर काहीही सुधारणार नाही.

गोड्या पाण्यात हे सगळं खपून जातं आणि खाऱ्यात खपत नाही, याची कारणं ठोस आहेत. गोड्या पाण्यातले बहुतेक मासे २०–४० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) नायट्रेट सहन करतात. प्रवाळ ज्या समुद्रातून येतात तिथे ते १ पीपीएमच्याही खाली असतं. टाकीत २ ते १० पीपीएम हे वाजवी ध्येय, आणि फॉस्फेट साधारण ०.०३ ते ०.१ पीपीएम. रीफ टाकीचा पीएच ८.२ च्या आसपास असतो. पीएच ७ ला एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तर ८.२ ला हे प्रमाण दहापटीहून जास्त होतं. शिवाय बहुतेक रीफ टाक्यांत नायट्रेट पिणारी झाडं नसतात. ती जागा शेवाळ आनंदाने घेतं.

माझ्या पहिल्या रीफ टाकीवर मोठा कॅनिस्टर होता. पाणी इतकं नितळ की काच आहे की नाही कळू नये. दगडांवर मात्र केसाळ शेवाळ, आणि झोअँथिड (प्रवाळासारखे छोटे जीव) आठवडाभर मिटलेले. नायट्रेट मोजलं तेव्हा ५० पीपीएम निघालं. कॅनिस्टर उघडल्यावर तळाशी बोटभर काळा गाळ होता. नितळ पाणी म्हणजे स्वच्छ पाणी, हा समज त्या दिवशी कायमचा गेला.

आता दुसऱ्या बाजूची चूक, तीही तितकीच महागात पडते. स्किमर अमोनिया काढत नाही. नायट्राइट, नायट्रेट आणि विरघळलेलं फॉस्फेटही काढत नाही, कारण हे साधे आयन बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतच नाहीत. 'प्रोटीन स्किमर' हे नाव लोकांना एका टोकाला नेतं आणि 'फिल्टर' हा शब्द दुसऱ्या टोकाला. त्यामुळे नवी टाकी भरून, स्किमर सुरू करून, तिसऱ्या दिवशी मासे सोडणारे लोक आहेत, आणि ते मासे मरतात. जिवाणू बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि तेवढे द्यायचेच. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय एकही मासा नाही, यावर मी तडजोड करत नाही.

मग रीफमध्ये जिवाणूंचं घर कुठे? दगडात. सच्छिद्र लाइव्ह रॉकच्या, म्हणजे जिवाणूंनी वस्ती केलेल्या दगडाच्या, पृष्ठभागावर अमोनियाचं नायट्रेट होतं, आणि आतल्या प्राणवायू नसलेल्या पोकळ्यांत काही नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन निघूनही जातो. दगड, जोरदार स्किमर आणि चांगला उजेड या तिघांवर उभी असलेली रचना 'बर्लिन पद्धत' म्हणून ओळखली जाते आणि आजही पहिल्या टाकीसाठी माझी तीच पसंती आहे. म्हणजे गोड्या पाण्यात कॅनिस्टर जे जैविक काम करतो, ते रीफमध्ये दगड आधीच करतोय. त्यासाठी वेगळा डबा विकत घ्यायचा नसतो.

स्किमर सगळंच काढतो असंही समजू नका. केन फेल्डमन या रसायनशास्त्रज्ञाने पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजून स्किमर तपासले, तेव्हा बाजारातले चांगले स्किमरही त्यातला फार तर एक तृतीयांशाच्या आसपासच काढताना दिसले. बाकीचे रेणू फेसात यायला तयारच नसतात. त्यांच्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि नियमित पाणीबदल आहेच. मला विचाराल तर हे आश्वासक आहे. पाणी पूर्ण निर्जीव करणं हे ध्येय नाहीच. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले की कोरल फिकट पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी चिकट थर येण्याचा धोका वाढतो.

आवाज, आकार, विजेचा खर्च हे फरक फुटकळ आहेत. स्किमर गुरगुरतो, कॅनिस्टर शांत असतो, बस्स. आणि गोड्या पाण्याच्या टाकीवर स्किमर लावून बघण्याच्या फंदात पडू नका. क्षारांमुळे खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळायचे थांबतात. गोड्या पाण्यात ते पटकन जुळून मोठे होतात आणि फुटतात, फेस टिकत नाही.

खरेदीचं बोलायचं तर माझी मतं पक्की आहेत. सम्प ठेवता येत असेल तर ठेवा आणि स्किमर सम्पमध्ये बसवा. जागा नसेल तर मागे टांगायचा स्किमर चालेल. खोक्यावर लिहिलेला लिटरचा आकडा बहुतेक वेळा अगदी कमी माशांसाठीचा असतो; त्याच खोक्यावर 'जास्त मासे' असा दुसरा, लहान आकडा शोधा आणि तो तुमच्या टाकीला पुरतो का बघा. पण 'जेवढा मोठा तेवढा चांगला' हेही खोटं. फार मोठ्या स्किमरला पुरेसा कचराच मिळत नाही, फेस गळ्यापर्यंत चढत नाही आणि कप कोरडा राहतो. टाकी १०० लिटरच्या आत असेल आणि मासे दोन-तीनच असतील, तर स्किमर न घेता दर आठवड्याला १०–१५ टक्के पाणी बदला. त्या पैशांतून खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि बाष्पीभवनाचं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-ऑफ घ्या. घरात कॅनिस्टर आधीच असेल तर विकू नका. स्पंज आणि रिंग काढा, नुसता कार्बन भरा आणि आठवड्याला धुवा.

ऑटो टॉप-ऑफचा स्किमरशी थेट संबंध आहे. सम्पमधली स्किमरच्या कप्प्यातली पाण्याची पातळी बदलली की फेसाची उंची बदलते. उत्पादकाने सांगितलेली खोली पाळा आणि ती दिवसभर स्थिर राहील अशी सोय करा. रोज संध्याकाळी स्किमरचा नॉब पिळत बसणारे बहुतेक लोक खरं तर पातळीशी झगडत असतात. भरपाई गोड्या आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यानेच करायची, कारण वाफ पाण्याची होते, मीठ तिथेच राहतं.

नवा स्किमर पहिले काही दिवस, कधी दोन आठवडेही, नीट चालत नाही. आतल्या प्लॅस्टिकवर पातळ सेंद्रिय थर बसेपर्यंत तो कधी उतू जातो, कधी अजिबात फेस करत नाही. तेवढ्यात तो खराब म्हणून परत करू नका. टाकीत हात घातल्यावर किंवा तेलकट खाद्य दिल्यावर फेस काही तास बसतो, तेही नेहमीचंच. उलट, पाण्यात कंडिशनर किंवा दगड चिकटवायचं एपॉक्सी वापरलं असेल तर कप सारखा भरून वाहू शकतो. तेव्हा तो एखाद-दोन दिवस बंद ठेवा. गळ्यातला चिकट थर आठवड्यातून दोनदा कपड्याने पुसा, कारण त्या थरावर फेस वर चढायचा थांबतो. कपातला द्रव गडद काळा यावा म्हणून स्किमर अगदी कोरडा ठेवण्यात काही पुरुषार्थ नाही. चहाच्या रंगाचा, थोडा पातळ द्रव काढा, त्यातून एकूण कचरा जास्त निघतो. कप अर्धा भरला की रिकामा करा आणि जेवढं खारं पाणी त्यातून गेलं, तेवढं पुढच्या पाणीबदलात भरून काढा.