भुकेचं ऑपरेशन

ऑपरेशन होऊन आठवडाही उलटला नव्हता आणि डॉक्टरांनी ताईचं रात्रीचं इन्सुलिन बंद केलं. दोनपैकी एक गोळी तेवढी ठेवली. वजनाचा काटा अजून शंभराच्या वरच होता, पण आठ वर्षं कशालाच दाद न देणारी शुगर सकाळी उपाशीपोटी १२० च्या आसपास दिसायला लागली. भावजींना ग्लुकोमीटरचीच शंका आली. त्यांनी स्वतःचं बोट टोचून पाहिलं. मशीन ठीक होतं.

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दल आपली साधारण समजूत अशी की पोट लहान करतात, माणूस कमी खातो, मग बारीक होतो. तेवढंच असतं तर शुगरही वजनाच्या चालीनं, महिनोन् महिने घेत उतरायला हवी होती. पहिल्या आठवड्यात माणूस जवळपास उपाशीच असतो, हे शुगर उतरण्याचं एक कारण खरंच. पण तेवढ्यावर हिशेब पुरा होत नाही. अमेरिकेतले सर्जन वॉल्टर पोरीज यांनी १९९५ साली वजनासाठी जठराचं बायपास केलेल्या आपल्या रुग्णांची आकडेवारी मांडली, तेव्हा टाइप २ मधुमेहाच्या १४६ जणांपैकी १२१ जणांची साखर नॉर्मलला आलेली होती. वजनासाठी केलेल्या ऑपरेशननं मधुमेह हटावा, याचं त्या काळी डॉक्टरांनाच नवल वाटलं होतं.

ताई सिंहगड रोडला राहते, शाळेच्या ऑफिसात काम करते, पूर्ण शाकाहारी आहे. उंची पाच फूट एक इंच आणि तेव्हा वजन १०८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) ४५. मधुमेह होता, गुडघे गेलेले होते, झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री नाकावर मशीन लावावं लागायचं. जिम, डाएटचे डबे, एका वर्षी नुसती ज्वारीची भाकरी, सगळं करून झालं होतं. दर वेळी दहा-बारा किलो उतरायचे आणि वर्षभरात व्याजासकट परत यायचे. नातेवाइकांचा निदान-विभाग तयारच होता: "तोंडावर ताबा नाही."

ताब्याचा हा मुद्दा जरा तपासून पाहू. गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो. पाण्याची पातळी खाली गेली की तो आपोआप नळ उघडतो. शरीरातल्या चरबीच्या साठ्यावर मेंदूतल्या हायपोथॅलॅमसची अशीच नजर असते. साठा घटला की चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन घटतं, जठरातून येणारं घ्रेलिन वाढतं, भूक चाळवते आणि शरीर उष्मांकही जपून खर्च करू लागतं. घ्रेलिनचा शोध १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी लावला. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी डाएट करून वजन उतरवलेल्या लोकांची हार्मोन्स वर्षभरानं पुन्हा मोजली. भूक वाढवणारे बदल तेव्हाही टिकून होते. वर्षभर रोज, दिवसातून अनेकदा, मेंदू 'खा' म्हणत असेल तर त्याच्याशी भांडून जिंकणारे थोडेच निघणार. ताई हरली यात नवल काहीच नव्हतं.

या ऑपरेशनची सुरुवात वेगळ्याच निरीक्षणातून झाली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण पुढेही बारीकच राहतात, हे अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात आलं आणि १९६६ च्या सुमारास त्यांनी लठ्ठपणासाठी पहिलं गॅस्ट्रिक बायपास केलं. आज सर्वांत जास्त होतं ते 'स्लीव्ह'. त्यात जठराचा पाऊण ते ऐंशी टक्के भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. ताईला मधुमेहाबरोबर ॲसिडिटीचाही जुना त्रास होता आणि स्लीव्हनंतर तो वाढू शकतो, म्हणून सर्जननी बायपास सुचवलं. यात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं खालून उचलून थेट तिला जोडतात. उरलेलं जठर आत तसंच राहतं, फक्त अन्न त्यातून जात नाही. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस अन्नाला बऱ्याच पुढे जाऊन भेटतात.

खरी गंमत या पुढच्या भेटीत आहे. अर्धवट पचलेलं अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर आणि भरपूर पोचतं. तिथल्या पेशी त्यावर जीएलपी-१ आणि पीवायवाय ही हार्मोन्स एरवीपेक्षा कितीतरी जास्त सोडतात. दोन्ही मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतात. शिवाय जीएलपी-१ मुळे जेवणानंतर स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. स्लीव्हमध्ये घ्रेलिन बनवणारा जठराचा मुख्य भागच निघून जातो. ताई घरी आल्यावर म्हणाली होती, "भूक नाही असं नाही गं, पण ती मागे लागत नाही." एवढ्या नेमक्या शब्दांत मला कुठल्या पुस्तकातही हे सापडलेलं नाही.

तरी सुरुवातीचे दिवस सोपे नव्हते. ऑपरेशन दुर्बिणीतून, पोटावर चार-पाच छोटी छिद्रं. आत जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो उरला की छाती आणि पोटामधल्या पडद्याला, म्हणजे डायफ्रामला टोचतो आणि त्या पडद्याच्या नसेमुळे दुखतो मात्र खांदा. ताईची पहिली तक्रार टाक्यांची नव्हती, खांद्याची होती. त्याच संध्याकाळी सिस्टरनी तिला धरून चालवलं. लठ्ठ माणसाच्या पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, त्यावर हाच साधा उपाय. जोडलेल्या जागेतून गळती होण्याची भीती पहिल्या काही दिवसांत सगळ्यात मोठी; नाडी वाढते का, ताप येतो का, याकडे डॉक्टरांचं सारखं लक्ष होतं.

मग पातळ पदार्थांचे आठवडे. नारळपाणी, डाळीचं गाळलेलं पाणी, ताक, सगळं औषधाच्या छोट्या पेल्यातून, घोट घोट. नंतर मऊ, मिक्सरमधून काढलेलं, मग हळूहळू घरचं जेवण. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी नाही आणि नंतरही नाही. हा नियम ताईला सर्वांत जड गेला. ताटाशेजारी तांब्या-भांडं नाही म्हणजे जेवण कसलं?

शाकाहारी घरात खरी कसरत प्रथिनांची. दिवसाला ६० ग्रॅम तरी हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. एका वाटी वरणात सहा-सात ग्रॅम, आणि सुरुवातीला तिच्या पोटात अर्धी वाटीही मावत नव्हती. म्हणून आधी पनीर, घट्ट दही, मूग, सोयाबीन. जागा उरली तर पोळी. पोह्यांचा नाश्ता बाद. प्रथिनांची पावडर ताकात घालून प्यायचा प्रयोग आमच्या आईनं सुचवला आणि चवीवरून तो एका दिवसात मागे घेतला. तिसऱ्या महिन्यात ताईचे केस मुठीनं गळायला लागले. शरीराला मोठा धक्का बसला की बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. मुळं शाबूत असतात, त्यामुळे ते परतही येतात. तिचे आले.

गोडाचं प्रकरण वेगळं. एका मुंजीत आग्रहाला बळी पडून तिनं आम्रखंडाचे चार-पाच घास खाल्ले. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, दरदरून घाम, पोटात कळा. हॉलमागच्या खोलीत तिला आडवं केलं. याला डम्पिंग म्हणतात. एरवी जठराच्या खालच्या टोकाशी असलेली झडप साखर थोडी थोडी पुढे सोडते. बायपासमध्ये ती झडपच वगळलेली असल्यानं साखरेचा लोंढा थेट आतड्यात येतो आणि रक्तातलं पाणी तिकडे ओढलं जातं. काहींना एक ते तीन तासांनी दुसरा फटका बसतो: इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटून साखर खाली घसरते. आग्रह करणाऱ्या काकू मात्र तिला दृष्ट लागली यावर ठाम होत्या.

पुण्यातल्या माणसानं या ऑपरेशनकडे बघताना एक गोष्ट खास ध्यानात घ्यायला हवी, ती म्हणजे बी-१२. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, आणि पुढे शोषायला जठरातच बनणारं एक प्रथिन लागतं. बायपासमध्ये दोन्ही बाजूला पडतात. मांसाहारी माणसाच्या यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो. शाकाहाऱ्याचा आधार फक्त दूधदुभतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, त्याचा अहवाल २००६ साली आला: ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी. म्हणजे इथला रुग्ण बहुधा रिकामी तिजोरी घेऊनच ऑपरेशनला जातो. ताईचीही पातळी आधीच तळाला होती. पायाला मुंग्या येत होत्या त्या मधुमेहामुळे की बी-१२ मुळे, हे तोवर कुणी पाहिलंच नव्हतं. आता तिला इंजेक्शनं आहेत, आणि ती कायमची. लोह आणि कॅल्शियमही आयुष्यभर, पण दोन्ही एका वेळी नाहीत, कारण ती एकमेकांच्या शोषणात अडथळा आणतात. आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा नाही. गुडघ्यासाठी ती सर्रास घ्यायची त्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बंद, कारण त्यांनी नव्या जोडावर अल्सर होऊ शकतो. सुदैवानं गुडघ्यालाच त्यांची गरज उरली नाही. वजन एक किलो उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, आणि वर्षभरात ताईचे ३२ किलो गेले होते. रात्रीचं मशीनही कपाटात गेलं.

याज्ञिकांचंच आणखी एक काम इथे आठवतं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या देहातही चरबी जास्त आणि मधुमेह लवकर, म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आशियाई लोकांसाठी ऑपरेशनचा विचार बीएमआय २७.५ पासून सांगितला आहे. विमा पॉलिसीतली अट मात्र ४०, किंवा गंभीर आजार सोबत असतील तर ३५. एवढी तफावत मला पटत नाही. अर्थात २७.५ ला प्रत्येकानं टेबलावर चढावं असाही त्याचा अर्थ नाही.

मधुमेह कायमचा गेला, असं ताईचे डॉक्टर कधीच म्हणाले नाहीत. अमेरिकेत क्लीव्हलँडला मधुमेह्यांवर झालेल्या एका चाचणीत पाच वर्षांनंतर तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ६ टक्के किंवा त्याखाली राखणारे बायपासवाले २९ टक्के होते, स्लीव्हवाले २३, आणि फक्त औषधांवरचे ५. फरक मोठा आहे, तरी बहुतेकांना शुगरवर लक्ष ठेवावंच लागतं. ताईची अजून त्या एका गोळीवर आटोक्यात आहे.

वजन गेल्या वर्षात चारेक किलोंनी परत आलं. शरीर नव्या रचनेला सरावतं, त्यामुळे थोडं परत येणं अपेक्षितच असतं. तरी डायेटिशियननं खाण्याची वही मागितली. पनीरचे चार तुकडे पोटात तासभर बसून राहतात, पण भुसभुशीत, खुसखुशीत पदार्थ त्या छोट्या पिशवीतून सरसर पुढे सरकतात आणि तृप्तीचा निरोप जेमतेम जातो. वहीत रोज संध्याकाळी चहासोबत भाकरवडी निघाली. जीएलपी-१ ची नक्कल करणारी जी इंजेक्शनं आता भारतात मिळतात, ती वजन परत वाढल्यावर काही जणांना देतात. ताईनं त्याबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाले, आधी तीन महिने भाकरवडीच्या जागी भाजलेले चणे खा, मग बोलू.