कापडावरच्या गोचिडी आणि रानातल्या गोचिडी

गोचिडी मोजायला रानात गवतावरून पांढरं कापड ओढतात आणि त्याला किती चिकटल्या ते मोजतात. मागच्या जूनमध्ये कापडाला 12 निम्फ (लार्व्हा आणि प्रौढ यांच्यामधल्या अवस्थेतल्या गोचिडी) लागले, यंदा 24. सबब गोचिडी दुप्पट झाल्या. हे वाक्य थोड्याफार फरकाने अहवालांत, बातम्यांत, अगदी प्रबंधांतही सापडतं. त्यातले 12 आणि 24 खरे असतात. 'सबब'च्या पुढचं मात्र त्या दोन आकड्यांतून निघत नाही.

घोळ निर्देशांक आणि संख्येचा अंदाज या दोन गोष्टींचा आहे. ठरावीक श्रमात किती सापडलं, हा निर्देशांक: 100 चौरस मीटर कापड ओढून किती निम्फ, 100 कॅमेरा-रात्रींत (एक कॅमेरा एक रात्र लावला की एक) किती फोटो, किलोमीटरमागे किती लेंड्या. मुळात तिथे किती आहेत, हे सांगतो तो अंदाज.

वन्यजीव मोजणाऱ्यांना अंदाजाची बाजू पाठ असते, म्हणून ती भरभर. पहिल्या खेपेला 40 प्राणी पकडून, खुणा करून सोडले, दुसऱ्या खेपेला 50 मिळाले, त्यांत 10 खुणेचे निघाले. म्हणजे खुणेच्यांपैकी पाव सापडले; तेव्हा एकूण 40 × 50 ÷ 10 = 200. लहान नमुन्यासाठीची चॅपमनची दुरुस्ती लावली तर साधारण 189. वाघासारख्या पट्टेवाल्या प्राण्याला खूणही करावी लागत नाही, फोटोतले पट्टेच खूण. यातली कळीची गोष्ट एकच: असलेल्यांपैकी किती वाटा सापडला, हे त्याच मोजणीतून निघतं. निर्देशांकात तो वाटा मोजलेला नसतो, 'दर वेळी सारखाच असेल' असं गृहीत धरलेलं असतं.

एककं वेगळी, गणित सोपं-अवघड, खर्च कमी-जास्त, हे बाकीचे फरक कुणालाही कळतात. अडतं ते त्या 'सारखाच असेल'पाशी. गोचिडीच्या बाबतीत तर ते गृहीतक जवळजवळ रोज मोडतं. मोडणारी असते गोचीड स्वतः, तिचं शरीर.

कापडाला लागते ती फक्त गवताच्या पात्यावर चढून, पुढचे पाय पसरून बसलेली गोचीड. त्या पुढच्या पायांच्या टोकाला हॅलरचं इंद्रिय असतं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, वास, उष्णता तिला त्यावरून कळते. पण वर बसणं महाग पडतं. वर हवा कोरडी असते आणि उपाशी गोचिडीकडे पाण्याचा साठा जेमतेम. अंगातलं पाणी ठरावीक पातळीखाली गेलं की ती खाली पालापाचोळ्यात उतरते. तिथे ती लाळग्रंथींतून क्षारांनी भरलेला, पाणी ओढणारा स्राव तोंडावर सोडते, त्यात हवेतली वाफ शोषली जाते आणि ते पाणी ती गिळते. इक्सोडेस या गोचिडींच्या वंशातल्या जातींना यासाठी साधारण 80 ते 85 टक्के किंवा त्याहून जास्त सापेक्ष आर्द्रता लागते. पाणी भरलं की पुन्हा वर. या प्रत्येक फेरीला मागच्या जेवणातली चरबी जळते, आणि दुसरं जेवण मिळेपर्यंत तेवढ्यावरच भागवायचं असतं.

म्हणजे 'सापडण्याचा वाटा' हा दोन वाट्यांचा गुणाकार आहे: त्या तासाला किती गोचिडी वर बसल्या आहेत, आणि बसलेल्यांपैकी किती कापडाला चिकटतात. समजा एका तुकड्यात 400 निम्फ आहेत. दमट सकाळी पाव भाग वर आला, 100. कापडाने त्यातला दहावा हिस्सा उचलला, 10. आठवड्याभराने हवा कोरडी, वर आले फक्त 50, हाती लागले 5. अहवालात जातं: 'गोचिडी निम्म्यावर'. रानात त्या तेवढ्याच आहेत, पाचोळ्यात पाणी पीत बसल्या आहेत. (फवारणीच्या आधी दमट दिवस आणि नंतर कोरडा दिवस गाठला, तर कुठलंही औषध गुणकारी ठरतं.)

आर्द्रतेची नोंद करणारेही इथे एक चूक करतात. अहवालात नुसती सापेक्ष आर्द्रता लिहिलेली असते, तीही लांबच्या हवामान केंद्राची. 80 टक्के आर्द्रता 15 अंश सेल्सिअसला असेल तर बाष्पदाबातली तूट (हवा अजून किती वाफ ओढू शकते त्याचं माप) साधारण 0.34 किलोपास्कल असते. 30 अंशाला त्याच 80 टक्क्यांत ती 0.85 होते. म्हणजे सुकवण्याची ताकद अडीचपट. गोचिडीचं पाणी जातं ते या तुटीच्या प्रमाणात. ते परत मिळवायचं तर लागते सापेक्ष आर्द्रता. म्हणून तापमान आणि आर्द्रता दोन्ही हवीत, त्याच जागी मोजलेली: एक जोडी जमिनीलगत पाचोळ्यात, दुसरी गवताच्या उंचीवर. माणसाच्या छातीच्या उंचीवरचा आकडा गोचिडीच्या कामाचा नाही.

पाण्याशिवायही कारणं आहेत. दिवस लहान होऊ लागले की काही गोचिडी जिवंत, उपाशी असूनही वर येत नाहीत. विकास आणि यजमानाचा (ज्याचं रक्त प्यायचं त्या प्राण्याचा) शोध पुढच्या ऋतूवर ढकलतात. युरोपातली इक्सोडेस रिसिनस दिवसाचं कमाल तापमान साधारण 7 अंशांवर गेल्याशिवाय फारशी हलत नाही. हायलोमा या दुसऱ्या वंशाच्या प्रौढ गोचिडी तर पात्यावर वाट पाहत बसतच नाहीत. जमिनीवरून धावत यजमानाच्या मागे लागतात. त्यांच्यासाठी कापड ओढून 'आढळल्या नाहीत' लिहिणं म्हणजे झाडावर जाळं टाकून मासे नाहीत म्हणण्यासारखं. अशा धावणाऱ्या जातींना, अमेरिकेतल्या ॲम्ब्लिओमा अमेरिकॅनम या जातीलासुद्धा, कोरड्या बर्फाचा कार्बन डायऑक्साइड सापळा चांगला खेचतो. संथ इक्सोडेसला तो तितकासा नाही. एकाच साधनाच्या आकड्यांवरून दोन जातींची तुलना करू नये, हे त्यातूनच येतं.

आता यावर सुचवले जाणारे उपाय. 'मग जास्त ओढू' हा सगळ्यांत आवडता. 200 ऐवजी 1000 चौरस मीटर ओढल्याने आकड्यातला डळमळीतपणा कमी होतो, पण वर बसलेल्यांचा वाटा बदलत नाही. चुकीचाच आकडा आता ठामपणे चुकतो.

दुसरा उपाय काढून घेत मोजण्याचा: एकाच तुकड्यावर लागोपाठ दोनदा कापड ओढायचं, सापडलेल्या परत सोडायच्या नाहीत, घट किती झाली त्यावरून एकूण काढायचं. पहिल्या खेपेत 30, दुसरीत 18, तर 30 × 30 ÷ (30 − 18) = 75. कागदावर सुरेख. पण पहिली खेप नऊला आणि दुसरी साडेअकराला झाली, मधे ऊन चढलं आणि काही गोचिडी खाली उतरल्या, तर दुसरीत 18 ऐवजी 12 येतात आणि उत्तर 50. उलट, चालण्याच्या हादऱ्याने आणि श्वासाने पाचोळ्यातल्या काही वर आल्या, दुसरीत 27 मिळाल्या, तर उत्तर 300! जागा तीच, गोचिडी त्याच. दोन खेपांमधलं अंतर मिनिटांत ठेवलं आणि तीन-चार खेपा केल्या तर ही पद्धत वापरण्याजोगी होते. तरीही ती त्या वेळी वर असलेल्यांचाच अंदाज देते. पाचोळ्यातल्या तिच्या हिशेबाबाहेरच राहतात. रंगीत भुकटीची खूण करून, सोडून पुन्हा पकडायची वरची पद्धत (पकड-पुनर्पकड) वापरली तर वेगळी अडचण: हाताळलेली गोचीड पाणी गमावून खाली जाते, आणि एखादी यजमान मिळाला की कायमची निघून जाते.

यजमानांच्या अंगावरची मोजणी हाही सुटकेचा मार्ग नाही. यजमान कमी झाले तर उरलेल्यांच्या अंगावर दाटी होते आणि ज्यांना कुणीच मिळालं नाही त्या गवतावरच राहतात. मग दोन्ही आकडे वर जातात, एकूण गोचिडी वाढलेल्या नसतानाही. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या मॉन्हेगन बेटावरून 1999 पर्यंत सगळी हरणं काढून टाकली. पुढच्या वर्षी यजमान शोधणाऱ्या प्रौढ गोचिडी भरपूर वाढलेल्या दिसल्या, नंतर घसरल्या. त्या पहिल्याच वर्षी निकाल लावला असता तर हरणं काढल्याने गोचिडी वाढतात असं ठरलं असतं.

म्हणून निर्देशांक टाकाऊ, असं नाही. वाईट अंदाजापेक्षा नीट घेतलेला निर्देशांक कधीही बरा. शिवाय प्रश्न रोगाच्या धोक्याचा असेल तर वर बसलेल्या गोचिडीच महत्त्वाच्या. माणसाला चावते तीच. त्याचं नावही तसंच घ्यावं: 'यजमान शोधणाऱ्या निम्फांची घनता, दर 100 चौरस मीटर'. नुसती 'गोचिडींची घनता' नको.

निर्देशांक तुलनेलायक व्हायचा तर एकदा ठरवलेलं काहीही मधेच बदलू नये. एक मीटर बाय एक मीटर पांढरं, जरा लव असलेलं कापड. पुढे दांडी, मागच्या कडेला थोडं वजन, नाहीतर ते गवतावर तरंगतं. सावकाश चाल. दर 10 ते 20 मीटरला थांबून कापड दोन्ही बाजूंनी तपासायचं. अंतर वाढलं की चिकटलेल्या गळतात आणि आकडा नकळत खाली येतो. दव वाळल्यावरच सुरुवात, कारण ओल्या कापडाला गोचीड धरत नाही. गवताची उंची दर वेळी लिहायची: गुडघाभर गवतात कापड शेंड्यांवरून जातं आणि खालच्या निम्फांना शिवतही नाही. एका जागी निदान 750 चौरस मीटर ओढावं, आणि हंगामात एकदा नव्हे, अनेकदा. एका दिवसाच्या आकड्याची दुसऱ्या वर्षीच्या एका दिवसाशी तुलना करूच नये. पूर्ण हंगामाच्या वक्राची तुलना करावी.

लार्व्हा, निम्फ, प्रौढ यांची बेरीज तर मुळीच नको. मादी हजार-दोन हजार अंडी एकाच जागी घालते, त्यामुळे लार्व्हा झुंडीने असतात. एका झुंडीवरून कापड गेलं की 300, दोन मीटर बाजूने गेलं की शून्य. अशी एकच झुंड बेरजेत आली की हंगामभराचे निम्फ तिच्याखाली दिसेनासे होतात. लार्व्हा चिकटपट्टीने उचलून वेगळ्या मोजाव्यात. निम्फ आणि प्रौढ चिमट्याने 70 टक्के इथेनॉलमध्ये, प्रत्येक तुकड्याची कुपी वेगळी. रिकाम्या तुकड्यांचीही नोंद हवी, तारीख, तास, तापमान आणि आर्द्रतेसकट. ज्या तक्त्यात शून्यांच्या ओळीच नाहीत, त्यातली सरासरी फुगलेली असते.