गेंटचे टॉवर तीन, पण चर्च दोनच
बेल्जियमला जाऊन आलेल्या प्रत्येकाकडे तो एक फोटो असतोच. गेंटच्या सेंट मायकेल्स ब्रिजवर उभं राहून काढलेला, एकामागे एक तीन टॉवर, आणि खाली कॅप्शन, 'तीन सुंदर चर्च'. अहो, दोन! पुढचं सेंट निकोलस चर्च, पार मागचं सेंट बावो कॅथेड्रल, आणि मधला जो आहे तो बेलफोर्ट, म्हणजे शहराचा घंटा-टॉवर. तो चर्चचा नव्हताच कधी.

चर्च काय असतं ते सगळ्यांना माहितीये, त्यात वेळ घालवत नाही. सेंट बावोमध्ये व्हॅन आयक बंधूंचं १४३२ सालचं वेदीचित्र आहे, त्याचं एक पॅनल १९३४ ला चोरीला गेलं ते आजतागायत सापडलं नाही, चित्र बघाच. दिसायला टॉवर सारखेच वाटतात हेही मान्य, सगळे गॉथिक शैलीतले, बावो आणि बेलफोर्ट तर उंचीलाही ९० मीटरच्या आसपास. ओळखायचंच असेल तर टोकाला सोनेरी ड्रॅगन दिसला की बेलफोर्ट, माथा सपाट दिसला की बावो.

खरा घोळ होतो तो टॉवर कुणाचा आणि कशासाठी, यात. बेलफोर्ट शहराचा. १३१३ ला काम सुरू झालं, १३८० ला संपलं, आणि पैसा कापडधंद्यातून श्रीमंत झालेल्या शहराचा. फ्लँडर्सच्या काउंटकडून, म्हणजे त्या प्रदेशाच्या सत्ताधीशाकडून, शहराने जे जे हक्क लिहून घेतले होते, त्या सनदा याच टॉवरमधल्या खोलीत पेटीत कुलपाखाली असायच्या. वर पहारेकरी, आग लागली किंवा शत्रू आला तर घंटा तेच वाजवणार, वेशीचे दरवाजे उघडायचे-लावायचे तेही घंटेवर. पायथ्याला १४२५ पासून कापडबाजाराची इमारत, आणि पुढे तिथेच चक्क तुरुंगही होता. प्रार्थनेचा यात कुठे संबंध आला?

आणि हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना पक्कं ठाऊक होतं. सम्राट पाचवा चार्ल्स १५०० साली गेंटमध्येच जन्मला, बाप्तिस्माही आज जे सेंट बावो आहे त्याच चर्चमध्ये झाला. पुढे त्याच्या लढायांसाठी जादा कर द्यायला गेंटने नकार देऊन बंड केलं, तेव्हा १५४० ला तो सैन्य घेऊन आला, शहराचे हक्क काढून घेतले, प्रतिष्ठित लोकांना गळ्यात फास अडकवून चालायला लावलं आणि बेलफोर्टमधली रोलँड नावाची मोठी घंटा उतरवायचा हुकूम दिला. शहराची जिरवायची तर शहराचा आवाज बंद करायचा, इतकं सरळ. (गेंटकर आजही स्वतःला अभिमानाने 'फासवाले' म्हणवतात, मला हे फार आवडतं.) त्या रोलँडचं धातू वितळवून १६६० ला नवी घंटा ओतली, तिला १९१४ ला तडा गेला, आता ती टॉवरजवळच खाली ठेवलीये. लोक तिच्यासमोर सेल्फी काढतात आणि 'चर्च बेल' लिहितात, तेव्हा मात्र डोकं फिरतं.

आता कुणीतरी म्हणेल, मग युनेस्कोच्या बेलफ्रींच्या (म्हणजे अशाच बेलफोर्टांच्या) यादीत अँटवर्पचं कॅथेड्रल कसं? बरोबर, आहे. कारण काही गावांत चर्चच्याच टॉवरवरून शहराची कामं चालायची. गेंटमध्येसुद्धा बेलफोर्ट होईपर्यंत शहराच्या घंटा आणि टेहळणी सेंट निकोलसच्या टॉवरवरच होती. म्हणूनच स्वतःचा वेगळा टॉवर उभा करणं ही मोठी गोष्ट होती.

चढायचं असेल तर बेलफोर्टच चढा, थोडे जिने झाले की लिफ्टही आहे, आणि दोन्ही चर्च वरून मस्त दिसतात. बेल्जियममधल्याच ब्रुज शहरात मात्र लिफ्टची आशा धरू नका, तिथे बेलफोर्टला ३६६ पायऱ्या आहेत. तिथला सगळ्यात उंच टॉवर चर्चचा आहे, ११५ मीटरचा चर्च ऑफ अवर लेडी, आणि मायकेलअँजेलोची मॅडोना, म्हणजे मेरी आणि बाळ येशूची मूर्ती, त्या चर्चमध्ये आहे. तिच्यासाठी बेलफोर्टच्या रांगेत उभे राहू नका.